बेचाळीस नंबरची जर्सी

८ नोव्हेंबर
माझ्यासोबत सामने घेणारा लमार बिक्सलर म्हणतो, पंचानं प्रत्येक सामन्यानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात. शिट्टी कुठे चुकली, कुठे उशिरा वाजली. त्याच्या अशा अकरा वह्या भरल्यात म्हणे. स्कूलबस चालवून निवृत्त झालेला माणूस, त्याला वेळ आहे. मी दिवसभर कारखान्यात चुनखडीचे ठोकळे कापतो आणि संध्याकाळी शाळांच्या मुलींचे बास्केटबॉलचे सामने चालवतो. चार वर्षं चालवतोय, एक ओळ लिहिली नव्हती.

आज वही आणली, कारण आज यंदाचं वेळापत्रक आलं. १५ डिसेंबर, मार्न हायस्कूल. प्रशिक्षक रॉबर्टा क्विलन.

चार वर्षांत मला एकदाही मार्नचा सामना मिळाला नव्हता. नेमणुका करणारा माणूस यंदा नवा आहे. त्याला काही ठाऊक नाही.

पुन्हा कधी वाचलं तर स्पष्ट असावं म्हणून लिहून ठेवतो. पाच वर्षांपूर्वी, विभागीय अंतिम सामन्याच्या दिवशी, माझी टेसा आमच्या स्टोनलिक शाळेकडून मार्नविरुद्ध खेळणार होती. तिच्या बोटात तिच्या आईची अंगठी होती. माझी बायको ग्लेंडा आधीच्या ऑगस्टमध्ये वारली होती. सबंध हंगामभर अंगठीवर पट्टी गुंडाळून टेसा खेळली, कुणी हरकत घेतली नाही. त्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधी क्विलनबाई पंचांजवळ उभी राहून बोलताना मी स्वतः पाहिली. पुढच्या मिनिटाला पंच टेसाकडे आला. अंगठी काढ, नाहीतर बाकावर बस. इव्हान्सव्हिलच्या कॉलेजचा माणूस संघात घ्यायचं का ठरवायला तिचा खेळ बघायला आला होता. टेसा पूर्ण सामना बाकावर बसली. स्टोनलिक तीन गुणांनी हरलं. जूनमध्ये ती फोर्ट वेनला निघून गेली. आता वर्षातून चार फोन येतात.

ज्या नियमानं माझं घर मोडलं तो नियम मी पाठ केला. त्याच्या पुढचे-मागचेही केले.

१० नोव्हेंबर
शालेय खेळांच्या संघटनेचा फॉर्म भरला. कोणत्या शाळेशी नातं किंवा वाद आहे का, असा रकाना आहे. स्टोनलिक लिहिलं. मार्न लिहिलं नाही. मार्नशी माझा वाद नाहीच. वाद दोघांमध्ये असतो, आणि त्या बाईला मी कोण हेही ठाऊक नसेल.

२० नोव्हेंबर
काल ऑर्लिनला हंगामाचा पहिला सामना. मनगटावरची केसांची रबरं, सात. काढायला लावली. एकीच्या नाकात चमकी. पांढऱ्या जर्सीखाली राखाडी बनियन, तिला आत पाठवलं. लमार कॉफी पिता पिता म्हणाला, "अरे वेंडेल, थोडा वेळ खेळही होऊ दे. त्या पोरी बास्केटबॉल खेळायला आल्यात, विमानतळावर झडती द्यायला नाही."

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

"सारखाच आहे," तो म्हणाला. "पण तो पोरींना दुखापत होऊ नये म्हणून आहे, एवढं ध्यानात ठेव."

१६ डिसेंबर
सकाळी लिहितोय. न्याहारीची बिस्किटं आणि ग्रेव्ही तशीच पडलीत, भूकच नाही.

सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना विचारायचं असतं की तुमच्या सगळ्या खेळाडूंचा गणवेश आणि साहित्य नियमाप्रमाणे आहे ना. हो म्हटलं की जबाबदारी त्यांची. हे वाक्य मी तिच्या तोंडावर म्हणायची चार वर्षं तयारी केली होती. क्विलनबाई माझ्या मनात होती त्यापेक्षा बुटकी निघाली. केस पार पांढरे झालेत. ती "हो" म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. ओळख पटल्यासारखं काही बोलली नाही.

मग मी कामाला लागलो. पहिल्या आठ मिनिटांत दोघींच्या जर्सीचं टोक चड्डीतून बाहेर आलं होतं, दोघींना बाहेर काढलं. बदली खेळाडू येईपर्यंत खेळ थांबला. तिसऱ्या भागात त्यांची सगळ्यात चांगली मुलगी, ऑड्रा पेनिंग्टन, सलग तीन बास्केट मारून रंगात आली होती. उडी मारून उतरताना तिचा शर्ट सुटला. मी शिट्टी वाजवली. प्रेक्षकांत कोणीतरी ओरडलं, "पंचसाहेब, इस्त्रीही करून द्या की." ऑड्राचा रंग गेला तो गेलाच. मार्न सहा गुणांनी हरलं.

मला एकच गोष्ट हवी होती. तिनं चिडावं, ओरडावं, म्हणजे तिच्यावर टेक्निकल फाउल द्यायचा, आणि दुसऱ्यांदा ओरडली की जिमच्या बाहेर. ती बाकावरून उठलीसुद्धा नाही. शेवटी जवळून जाताना म्हणाली, "तुमचं बरोबर होतं, मिस्टर टॅकेट." आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. अशी माणसं मला जास्त चीड आणतात.

१७ डिसेंबर
माझं नाव तिला कसं कळलं? गुणपत्रकावर असतं म्हणा.

२३ डिसेंबर
टेसाचा फोन. नाताळला येणार नाही, सहावीच्या मुलींच्या संघाला शिकवते, त्यांची स्पर्धा आहे. मी म्हटलं पर्सिमन फळाचं पुडिंग करणार होतो. ती म्हणाली, "तुम्ही कराल आणि तुम्हीच खाल, बाबा." मग विचारलं, मार्नचा सामना कसा झाला. मी म्हटलं, ठीक. इंटरनेटवर वेळापत्रक दिसत असेल. तिला सांगावंसं वाटलं की तुझ्यासाठी सुरुवात केलीय. सांगितलं नाही. पूर्ण झाल्यावर सांगेन.

फोन ठेवल्यावर त्या हंगामाची आठवण आली. प्रत्येक सामन्याआधी मी स्वतः तिच्या बोटाला पट्टी बांधायचो. तीन वेढे. अंगठी तिला सैल व्हायची. एकदा म्हणाली होती, चेंडू झेलताना बोट कापतं. मी म्हटलं, तुझ्या आईनं याहून जास्त सोसलं. त्यानंतर पुन्हा तक्रार केली नाही. गुणाची पोर.

४ जानेवारी
पेपरात मार्नच्या मुलींचा फोटो. नवीन पांढऱ्या जर्सी, मुलींच्या आयांनी वर्षभर केक विकून घेतलेल्या. घरच्या मैदानावर पांढरी घालायची असते. बाजूला काखेपासून खाली लाल पट्टी. भिंग घेऊन बसलो. पट्टी नियमापेक्षा बोटभर रुंद आहे. डिसेंबरात मी शर्टांची टोकं बघत बसलो आणि हे नजरेतून सुटलं, याचा स्वतःवरच राग आला.

५ जानेवारी
संघटनेला पत्र टाकलं. फोटो जोडला, नियमाचा क्रमांक घातला. खाली सही केली, परवानाधारक पंच म्हणून. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

१८ जानेवारी
बातमी आली. उरलेल्या हंगामात मार्नला नव्या पांढऱ्या जर्सी घालायला बंदी. लमारनं सांगितलं, शाळेच्या माळ्यावरून दहा वर्षांपूर्वीच्या जर्सी काढल्यात, पिवळ्या पडलेल्या, ढगळ. काही नंबर हरवलेत. रूथी कॅसलर म्हणून कुणी आहे, हंगामात जेमतेम दहा मिनिटं मैदानावर आलेली. तिचा चोवीस नंबर त्या गठ्ठ्यात नाही, म्हणून ती घरच्या सामन्यांत बेचाळीस घालते. परगावी लाल जर्सीत पुन्हा चोवीस.

"पोरी रडल्या म्हणे," लमार म्हणाला. "कुणी इतकं बारीक बघितलं असेल रे?"

मी सँडविच खात होतो. चांगलं झालं होतं सँडविच.

८ फेब्रुवारी
फ्लूनं अर्धा जिल्हा आडवा केलाय. विभागीय अंतिम सामन्याच्या तीन पंचांपैकी एक आजारी. मुख्य पंच लमार, त्यानं माझं नाव सुचवलं. मार्न विरुद्ध लॉगरी. उद्या.

विभागीय अंतिम सामना. नेमका तोच. मी कधी चर्चमध्ये काही मागितलं नव्हतं, तरी मिळालं.

१० फेब्रुवारी
झालं. नीट, क्रमानं लिहितो.

सामन्याला वीस मिनिटं असताना घड्याळ बिघडलं. लमार त्यात अडकला. मला म्हणाला, वही तू बघून घे, तुला आवडतं ते. खेळाडूंची नावं आणि नंबर सामन्याच्या दहा मिनिटं आधीपर्यंत गुणलेखकाच्या वहीत बरोबर लागतात. त्याआधी चूक सापडली तर खोडून दुरुस्त करायची, काही शिक्षा नाही. दहाच्या आत आल्यावर दुरुस्ती केली तर संघावर टेक्निकल फाउल. समोरच्यांना दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही.

बारा मिनिटं असताना मी वही पाहिली. मार्नची यादी मागच्या परगावच्या सामन्यावरून उतरवलेली. कॅसलर, चोवीस. मी मान वर केली. मार्न माळ्यावरच्या जुन्या पांढऱ्यात होतं. ती मुलगी बास्केटखाली चेंडू गोळा करत होती. पाठीवर बेचाळीस.

चांगला पंच अशा वेळी प्रशिक्षकाला हळूच सांगतो, बाई, वही एकदा बघा. दोन मिनिटं होती. क्विलनबाई माझ्यापासून आठ पावलांवर उभी होती. मी वही मिटली आणि घड्याळाकडे बघत राहिलो. अकरा. साडेदहा. दहा. एवढी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

सामनाभर मात्र काही होईना. कॅसलर बाकावरच. बाई तिला आत घेईना. मार्नच्या दोघी फ्लूनं घरी, तिसरीचा घोटा मुरगळला, तरी नाही. मार्न पुढे होतं, एका गुणानं, सत्तेचाळीस सेहेचाळीस. मला वाटलं, गेलं हातातून. मग एकतीस सेकंद असताना ऑड्राचा पाचवा फाउल झाला, म्हणजे ती बाहेर. फाउल लमारनं दिला, मी नाही, हे नोंदवून ठेवतो. बाकावर उरलेली एकच मुलगी उठली.

ती टेबलाजवळ गेली, नंबर सांगितला. गुणलेखकानं वहीवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि भोंगा वाजवला. लमार गेला, वाचलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी जवळ जाऊन म्हटलं, नियम स्पष्ट आहे. स्पष्टच होता. त्यानं हातांचा टी केला, टेक्निकल फाउल.

दोन्ही फ्री थ्रो आत. चेंडूही लॉगरीचा, त्यावर आणखी एक बास्केट. पन्नास सत्तेचाळीस. तीन गुणांनी. आकडासुद्धा तोच.

क्विलनबाई आताही ओरडली नाही. सगळ्या मुली रडत होत्या, ती फक्त कॅसलरजवळ बसली होती, तिच्या डोक्यावर हात ठेवून. ती मुलगी रडत नव्हती. मैदानाकडे बघत होती. घामाचा एक थेंब नव्हता तिच्या अंगावर. ती जेमतेम एकतीस सेकंद खेळली होती.

मला वाटलं होतं घरी जाताना गाडीत गाणी लावीन. लावली नाहीत. थकवा असेल.

११ फेब्रुवारी
लमार कारखान्याच्या फाटकाशी आला, जेवणाच्या सुट्टीत. विचारलं, वही पाहिली होतीस ना. पाहिली होती म्हटलं.

"तुझ्या नजरेतून केसांचं रबर सुटत नाही, वेंडेल. पाठीवरचा फूटभर आकडा कसा सुटला?"

मी म्हटलं, गर्दी होती. त्यानं सांगितलं की पुढच्या वर्षी आपण दोघं एकत्र सामने घ्यायला नकोत. माझे चार वर्षांचे सामने त्याच्या वह्यांत आहेत असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. म्हातारा झालाय.

कारखान्यात सगळे त्या सामन्याबद्दलच बोलतायत. व्हिडिओ फिरतोय. त्या पोरीला लोक काहीबाही नावं ठेवतायत. तिला स्वतःचा नंबर माहीत नाही, वगैरे. मी त्यात भाग घेतला नाही.

१२ फेब्रुवारी
टेसाला मीच फोन केला. सगळं सांगितलं, वहीच्या दोन मिनिटांसकट. पाच वर्षांनी फिटलं, म्हटलं. तुझ्यासाठी केलं.

पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "बाबा, अंगठी मीच दाखवली होती."

मी म्हटलं, कुणाला?

"पंचांना. त्या दिवशी सामन्याआधी मी स्वतः गेले त्यांच्याकडे. हात पुढे केला आणि विचारलं, ही चालते का. मला माहीत होतं चालत नाही. मला कुणीतरी ती काढायला सांगायला हवं होतं. तुम्हाला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. क्विलन मॅडम तिथे घड्याळाबद्दल काहीतरी विचारत उभ्या होत्या, तेवढंच."

मी म्हटलं, पण तू ती काढली नाहीस.

"पट्टी सोडत होते मी. तुम्ही प्रेक्षकांतून खाली उतरून आलात. माझं मनगट धरलंत. म्हणालात, त्या बाईच्या सांगण्यावरून तुझ्या आईची अंगठी निघणार नाही."

मी म्हणालो होतो. ते मला आठवतं. आतापर्यंत मला ते सामना संपल्यावर म्हटल्यासारखं आठवत होतं.

पुढचं तिनं भराभर सांगितलं, जसं खूप दिवस तयार ठेवलेलं असावं. सामन्यानंतर क्विलनबाई कपडे बदलायच्या खोलीत तिला भेटायला आली होती. फोर्ट वेनच्या कॉलेजात तिच्यासाठी शब्द टाकला तो त्याच बाईनं. आणि डिसेंबरात बाईचा टेसाला फोन गेला होता, की तुझे वडील आमच्या सामन्यांना आहेत, मी संघटनेला कळवू का? टेसा नको म्हणाली. म्हणाली, त्यांना सामने घेऊ द्या, त्यांच्याकडे दुसरं काही नाही.

जर्सीच्या पत्रावरची सहीसुद्धा बाईनं वाचली होती. तेव्हाही ती गप्प बसली, माझ्या मुलीच्या शब्दाखातर.

"मीच सांगितलं होतं त्यांना, गप्प बसा म्हणून," टेसा म्हणाली. "आता त्या पोरीला मी काय सांगू?"

फोन तिनं ठेवला. मी नाही.

१३ फेब्रुवारी
कामावर गेलो नाही. सकाळभर राग कुणावर काढायचा ते शोधत होतो. त्या दिवशीचा पंच, इव्हान्सव्हिलचा माणूस, लमार, टेसा. एकेक नाव घेऊन पाहिलं. ग्लेंडाचंसुद्धा. कुणावर बसेना.

१५ फेब्रुवारी
काल मार्नला गेलो. शाळा सुटल्यावर, जिममध्ये. हंगाम संपला की मुली गणवेश परत करतात, तो दिवस होता. टेबलावर पिवळट जर्सींचा ढीग, क्विलनबाई यादीवर खुणा करत होती. मला पाहून पेन खाली ठेवलं.

मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगायला लागलो. बारा मिनिटं, वही, आठ पावलं. तिनं मध्येच हात वर केला.

"हे मला सांगून काय उपयोग, मिस्टर टॅकेट? मला ते शनिवारीच कळलं. तुमचा चेहरा मी पाहत होते. त्यांना सांगा."

असं म्हणून तिनं मुलींना हाक मारली. नऊ जणी मध्यरेषेवर येऊन बसल्या. चार वर्षं मी त्यांच्या वयाच्या मुलींचे शर्ट आणि बोटं बघतोय. तोंडाकडे बघायची सवय नव्हती.

मी सांगितलं. चूक वहीत होती, मला बारा मिनिटं आधी दिसली होती, तेव्हा सांगितली असती तर काहीच झालं नसतं. मी मुद्दाम सांगितली नाही. जर्सीचं पत्रही माझंच. संघटनेला तसं लिहून कळवलंय आणि परवाना परत केलाय. निकाल बदलणार नाही, तेही सांगितलं. ऑड्रा उठून निघून गेली. दुसरी एक तिच्या मागे गेली. मला थांबवायचा हक्क नव्हता.

रूथी कॅसलर शेवटी बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे चूक माझी नव्हती?"

मी म्हटलं, नाही.

"मला वाटत होतं मी नंबर सांगताना चुकले." मग तिनं विचारलं, "हे माझ्या बाबांना सांगाल? शनिवारपासून ते माझ्याशी बोलत नाहीयेत."

मी विचारलं, कुठे भेटतील ते?

"बाहेर गाडीत बसलेत. मला न्यायला आलेत."

क्विलनबाईनं मला माझा कोट आणून दिला.

बाहेर बर्फ नव्हता, पण वारा होता. कोपऱ्यात एक निळा ट्रक उभा, इंजिन चालू. आत टोपी घातलेला माणूस, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर भिंतीकडे बघत. मी काचेवर टकटक केली. त्यानं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागला. काच खाली केली नाही.

मी तिथेच उभा राहिलो. त्याच्या जागी मी असतो तर मीही केली नसती. म्हणून मला अंदाज होता, किती वेळ उभं राहावं लागेल.